लोभ असावा, पण कोणता?

वाचकहो, पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहिण्याची आपली जुनी रीत आहे. आणि कीर्तनकार बुवा षड्रिपू मोजू लागले म्हणजे त्यांतही लोभ येतोच. मायेला जो शब्द, तोच हव्यासाला! हे आपल्या भाषेने उगाच केलेले नाही, असे आम्हांस वाटते. माणसांत रमणारा, दुसऱ्याचे सुखदुःख आपले मानणारा जो मायाळू स्वभाव, त्याच्या पोटी ही दोन्ही बीजे असतात. त्यांतले कोणते रुजते, एवढाच प्रश्न आहे.

असा माणूस ओळखायला वेळ लागत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला झरी जामणी तालुका आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या, शेतकऱ्यांची गावे. कानावर मराठी पडते, तेलुगू पडते, गोंडी आणि कोलामीही पडते. अशा मुलखात प्रत्येक बोलीतली चार वाक्ये शिकून घेणारा माणूस घरोघरी आपला होतो. आठवडी बाजारात कोणी भेटला तर तो आधी कापसाचा भाव काढीत नाही. “पोरीचं कसं काय हाये जी? ताप उतरला का?” हे आधी विचारतो. पंगतीत कोण उपाशी राहिला, हे वाढप्याच्या आधी त्याला दिसते. दोन भावांत बांधावरून वाजले, तर दोघेही त्याच्याच ओसरीवर येऊन बसतात. लोक म्हणतात, “मोठा लोभाचा माणूस, बाप्पा!”

पण याच स्वभावाला कीड लागते. पहिली कीड ही की, त्याला ‘नाही’ म्हणवत नाही. दहा जणांना शब्द देतो आणि सात जणांचे काम राहते. दुसरी अशी की, केलेल्याचा हिशेब मनात राहतो. कोणी दोन गोड शब्द बोलले नाही, की “मी एवढं केलं, अन् यानं साधं विचारलंही नाही” असा कढ येतो. तेथे माया संपली आणि हव्यास सुरू झाला, एवढे समजावे. धनाचा हव्यासी पैसे मोजतो, हा कृतज्ञता मोजतो.

तिसरी कीड सर्वांत वाईट. त्याला खरे बोलवत नाही. शेजारी मुलीच्या लग्नाकरिता सावकाराचे कर्ज काढतो आहे, हे त्याला कळते. पण बोललो तर मन दुखावेल, म्हणून तो मांडवात हसतमुखाने मिरवतो. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. योजना बँकेच्या वहीपर्यंत पोचू शकते. पण अलीकडे कोण गप्प गप्प राहतो, कोणाच्या ताटात भाकर तशीच उरते, हे शेजाऱ्यालाच दिसते. असे दिसूनही गोड राहण्यासाठी जो मुका बसतो, त्याच्या गोडव्याचा काय उपयोग?

येथे गाडगेबाबांची आठवण होते. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे ते जन्मले. माणसांवर त्यांच्याइतके प्रेम करणारा माणूस विरळा. पण गोडबोलेपणा औषधालाही नाही. गावात शिरले की आधी हातात खराटा. रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना एकामागून एक सवाल. कर्ज काढून सण-लग्ने करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे जनावर कापू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोर शाळेत घाला, हे ते तोंडावर सांगत. आणि कोणी पाया पडू लागला तर त्यांना ते खपत नसे. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. तेथे देणे-घेणे लागलीच फिटते, कोणी मोठा उरत नाही. एकानेच वाकायचे आणि दुसऱ्याने ताठ उभे राहायचे, हे बाबांना नको होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी उभी केली आणि 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. जे केले, ते मुठीत धरले नाही.

कोणी विचारील, “अहो, पण 1905 मध्ये तेच घर सोडून गेले ना? 1923 मध्ये खारेपाटणला कीर्तनात असताना एकुलता एक मुलगा गेल्याची वार्ता आली, तरी कीर्तन थांबले नाही. ही माया म्हणायची का?” शंका रास्त आहे, आणि तिला भक्तिभावाखाली झाकून टाकणे आम्हांस पटत नाही. त्या त्यागाची किंमत घरी राहिलेल्या कुंताबाईंनीही मोजली आहे. बाबांच्या नावाबरोबर त्या माउलीचेही नाव घेतले पाहिजे. पण बाबांनी घर सोडले ते दुसरीकडे मान मिळवण्यासाठी नव्हे. आपण संसारी माणसे मात्र कित्येकदा घरच्यांवर खेकसतो आणि चावडीवर मधाळ होतो, कारण चावडीवर वाहवा मिळते. बाबांचा त्याग आपल्याला झेपणारा नाही. निदान त्याचे निमित्त करून घर उपाशी ठेवू नये.

तेव्हा मायाळू स्वभाव हा गुण की दोष, या वादात आम्ही पडत नाही. स्वभाव जन्माबरोबर येतो; त्यात कोणाचे पुण्य नाही. पाणी उताराकडे धावते, म्हणून कोणी पाण्याला दाता म्हणत नाही. पाट काढून ते शेताला लावले तर पीक येते. स्वभावाला पाट काढायचा, तो असा : झेपेल तेवढाच शब्द द्यावा, आणि दिलेला पाळावा. घरात जो आवाज, तोच बाहेर. कडू असले तरी खरे सांगावे. पण सांगून निघून जाऊ नये, त्याच्याजवळ बसावे. आणि ज्याचे काम केले तो उद्या ओळख न देता पुढे गेला, तरी परवा त्याच्या पोरीचा ताप विचारावा.

हे ज्याला साधले, त्याने पत्राखाली ‘लोभ असावा’ असे खुशाल लिहावे.