ओळख पटणे आणि ओळख ठेवणे : तुकड्यावरून गाव जाणण्याविषयी

१

अतिशय जवळून टिपलेल्या काही छायाचित्रांवरून ती कोणत्या गावची हे ओळखावयाचे, हा नियतकालिकांच्या कोड्यांच्या पानांवरचा परिचित खेळ आहे. दाराची कडी, कठड्याची नक्षी, पाटीवरचे अर्धे अक्षर, फरशीची तडा गेलेली कड : कोडे घालणारा तुकडा दाखवतो आणि संपूर्ण लपवतो, सोडवणाऱ्याने तुकड्यावरून संपूर्णाकडे जावयाचे असते. उत्तर बरोबर आले की खेळ संपतो. या संपण्यातच एक प्रश्न दडलेला आहे. तुकड्यावरून गाव सांगणाऱ्याने नेमके काय जाणलेले असते? आणि जाणल्यानंतर तो त्या गावाचे काही देणे लागतो काय?

मराठी भाषेने या प्रश्नाची मांडणी एका शब्दाच्या वापरात आधीच करून ठेवली आहे. ओळख 'पटते', ओळख 'होते' आणि ओळख 'ठेवली' जाते. ओळख पटते ती खुणेवरून. तिला एकच क्षण पुरतो आणि जिची ओळख पटवायची ती व्यक्ती समोर नसली तरी चालते. ओळख होते ती सहवासाने. तिला काळ लागतो आणि दोन बाजू लागतात. ओळख ठेवणे ही मात्र कृती आहे. ती करता येते, तशी टाळताही येते. म्हणूनच रस्त्यात ओळख न दाखवणाऱ्याला दोष दिला जातो. पहिली क्रिया ज्ञानमीमांसेच्या कक्षेत येते, तिसरी नीतिविचाराच्या. छायाचित्रांचे कोडे पहिल्या क्रियेवर थांबते. एरवीच्या व्यवहारात मात्र पहिल्या क्रियेलाच दुसरी आणि तिसरी समजण्याची चूक वारंवार घडते. निफाड तालुक्यातील लासलगावाचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

२

लासलगावाची चार निकट-छायाचित्रे घ्यावयाची असे ठरवले, तर पहिल्या चित्रात काय असेल याविषयी फारसा मतभेद होणार नाही. कांद्याचे तांबूस, कागदासारखे पापुद्रे दिसताच महाराष्ट्रातील वाचक गावाचे नाव घेईल. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली आणि आशियातील कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ अशी तिची ख्याती झाली. २०१६ साली 'लासलगाव कांदा' या नावाला भौगोलिक निर्देशाची कायदेशीर नोंद मिळाली. म्हणजे वस्तू आणि गाव यांचे साहचर्य कायद्यानेही मान्य केले. येवल्याच्या बाबतीत जे काम पैठणीचा काठ करील, ते येथे कांद्याचा पापुद्रा करतो.

परंतु न्यायशास्त्राच्या कसोटीवर हे लक्षण टिकत नाही. लक्षण अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव या तीन दोषांपासून मुक्त असावे लागते. कांद्याचा पापुद्रा पिंपळगाव बसवंत, उमराणे, येवला, मनमाड यांपैकी कोणत्याही बाजारातील असू शकतो. येथे अतिव्याप्ती झाली. उलट लासलगावात असे बरेच काही आहे की ज्यावर कांद्याची छाया पडत नाही : मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक, होळकरांच्या काळाशी जोडला जाणारा भुईकोट, शाळांच्या भिंती, घरांचे उंबरे. त्यांना हे लक्षण लागू पडत नाही, ही अव्याप्ती. मग या वस्तूंचीच छायाचित्रे घेतली तर? लोहमार्गावरच्या स्थानकाचा पिवळा फलक दुसऱ्या स्थानकाच्या फलकासारखाच असतो. उंबरा तर कोणत्याही गावचा असू शकतो. एक विचित्र नियम येथे हाती येतो. गावात राहणाऱ्याला जे अगदी आपले वाटते ते बहुधा ओळखू येण्याजोगे नसते. आणि बाहेरच्याला जे तत्काळ ओळखू येते ते राहणाऱ्याच्या आयुष्याचा एक अंशच असते.

आणखी एक मर्यादा छायाचित्राच्या स्वरूपातच आहे. 'तर्कसंग्रहा'त पृथ्वीचे लक्षण गंधवत्त्व असे सांगितले आहे. रूप तिला आहे, पण ते जल आणि तेज यांनाही आहे. लासलगावाच्या बाबतीत हे शास्त्रवचन अगदी शब्दशः खरे वाटावे असे आहे. बाजार आवारात उतरणाऱ्याला गाव आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना. छायाचित्राला नेमका हा गंध वगळावा लागतो. जे सर्वांत स्वकीय ते सोडून जे इतरांशी समान तेवढेच ते टिपते, आणि त्या समानातून विशेष शोधण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकते.

३

तुकड्यावरून संपूर्ण जाणणे मुळातच सदोष आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. परंपरेने दोन न्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत. स्थालीपुलाकन्यायाने भाताचे एक शीत चेपून सारे भांडे शिजले की नाही हे कळते. अंधगजन्यायाने हत्तीचा एक अवयव चाचपून हत्तीविषयी भलतेच अनुमान केले जाते. दोहोंत क्रिया एकच आहे. फरक आहे तो संपूर्णाच्या घडणीत : भात एकजिनसी असतो, हत्ती नसतो. तेव्हा तुकडा हाती घेणाऱ्याने आधी विचारावयाचा प्रश्न 'हे काय आहे' हा नसून 'हे ज्याचे आहे ते कसे घडलेले आहे' हा असतो.

लासलगावच्या बाजारात हा प्रश्न रोज व्यवहारात सोडवला जातो. शेतकऱ्यांच्या वाहनांच्या रांगा लागतात. समितीच्या कर्मचाऱ्यासह व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीजवळ येतो. वरचा माल पाहिला जातो, चार कांदे हातात घेतले जातात, पापुद्रा, रंग, टणकपणा, आकार यांचा अंदाज होतो आणि क्विंटलमागे भाव पुकारला जातो. उन्हाळ कांदा आणि लाल कांदा यांतला भेद, गोल्टीचे प्रमाण, आत ओल असण्याची शक्यता हे सारे काही क्षणांत ठरते. त्या क्षणांवर एका कुटुंबाचे काही महिन्यांचे श्रम आणि कर्जफेड अवलंबून असते. निकट-छायाचित्राचे कोडे आणि हा लिलाव यांत ज्ञानक्रिया एकच आहे : दिसणाऱ्या थोड्यावरून न दिसणाऱ्या पुष्कळाचे अनुमान.

तथापि लिलावात एक गोष्ट अधिक आहे. भाव पुकारून काम संपत नाही. वाहनाचे वजन होते, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होतो आणि वरच्या थराखाली काय होते ते दोन्ही पक्षांना दिसते. अनुमान चुकले असेल तर तंटा उभा राहतो. तो मिटवण्यासाठी समितीसारखी त्रयस्थ संस्था असते. या तंट्यांत न्याय नेहमीच होतो असा दावा करण्याचे कारण नाही; दोन्ही पक्षांचे बळ सारखे नसते. महत्त्वाचे हे की अनुमान करणारा येथे आपल्या अनुमानाशी बांधलेला आहे. त्याला संपूर्णाला सामोरे जावेच लागते, आणि ज्याच्याविषयी अनुमान केले तो तेथे उभा असतो, बोलू शकतो.

४

तुकड्याच्या ज्ञानाचा हा नैतिक निकष मानला तर आधुनिक काळातील ओळख पटवण्याच्या रीतींकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. इटालियन इतिहासकार कार्लो गिंझबर्ग यांनी १९७९ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शिकाऱ्याचे माग काढणे, मोरेल्लीने कानाच्या पाळ्या व नखे यांच्या चित्रणावरून चित्रकार ओळखणे, फ्रॉइडचे मनोविश्लेषण आणि शेरलॉक होम्सची गुन्हेशोधनपद्धती यांना एका सूत्रात गुंफले. क्षुल्लक तपशील हीच खूण, हे ते सूत्र. पण त्याच निबंधात बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने वापरलेल्या हाताच्या व बोटांच्या ठशांचाही विचार येतो. ज्ञानाची तीच रीत तेथे शासनाचे साधन झाली. ठसा देणाऱ्याची ओळख पटली. त्याच्याशी ओळख झाली नाही, व्हावी अशी अपेक्षाही नव्हती.

कांद्याच्या राजकारणात असेच घडत आले आहे. महानगरातील ग्राहकाला कांदा दिसतो तो किरकोळ बाजारातील दराच्या रूपाने. हेही एक निकट-छायाचित्रच आहे : एकच आकडा, त्याभोवतीचे सारे वगळलेले. १९९८ साली दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत या आकड्याने सत्तांतराला हातभार लावला, तेव्हापासून तो आकडा पाहताच निर्णय घेण्याची घाई सर्वच सरकारांना होत आली. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी घालण्यात आली. ती मे २०२४ मध्ये अटींसह उठवण्यात आली. धोरण योग्य की अयोग्य हा येथील विषय नाही. येथे प्रस्तुत आहे ती ज्ञानाची घडण. दराच्या तुकड्यावरून साठवण, चाळीतील सड, पावसाने गेलेले रोप, मजुरी यांचे जे संपूर्ण आहे त्याविषयी अनुमान होते. पण ट्रॉली रिकामी होऊन अनुमान तपासले जाण्याचा क्षण अनुमान करणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. तो लासलगावच्या वाट्याला येतो.

खुणेवर विसंबण्याची ही विपत्ती 'अभिज्ञानशाकुंतला'त मुळातूनच मांडली गेली आहे. पाचव्या अंकात शकुंतला स्वतः समोर उभी असते आणि राजा तिला ओळखत नाही. पुढे कोळ्याच्या हाती सापडलेली अंगठी पाहताच त्याला सारे आठवते. व्यक्तीपेक्षा खूण अधिक प्रमाण ठरते. शापाची योजना राजाचा दोष सौम्य करते, हे खरे. परंतु सातव्या अंकात राजा तीच अंगठी पुन्हा देऊ करतो तेव्हा आपला तिच्यावर विश्वास नाही, ती राजानेच घालावी, असे शकुंतला सुचवते. जिची ओळख खुणेने पटवली गेली तिचा हा शांत आक्षेप आहे. ओळख परत मिळाली तरी ती खुणेच्या हवाली करण्यास ती तयार नाही.

५

साहित्यसमीक्षेला या विवेचनातून स्वतःला वगळता येणार नाही, कारण उताऱ्यावरून कृती आणि कृतीवरून प्रदेश जाणणे हा तिचा नित्याचा व्यवसाय आहे. बोलीतील चार क्रियापदे, बांध, मोट, गावपांढरीचा देव एवढे दिसले की कलाकृतीला 'ग्रामीण' अशी ओळख देऊन मोकळे होण्याची सवय मराठी समीक्षेत दीर्घकाळ दिसते. येथे ओळख पटते; पण कृतीशी ओळख झाली असे म्हणता येत नाही. सूक्ष्म वाचनाचा आग्रह या सवयीवरचा उपाय मानला गेला. पण सूक्ष्म वाचन हेही निकट-छायाचित्रच आहे आणि तेही भाताचे शीत की हत्तीचा पाय हा प्रश्न टाळू शकत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या संदर्भात आठवते. शिक्षक म्हणून आलेला तरुण धनगरांची वाडी प्रथम बाहेरूनच पाहतो. पुढे वाडीशी त्याची ओळख होत जाते ती माणसांच्या कामांतून, भांडणांतून आणि त्याच्यावर येऊन पडलेल्या जबाबदाऱ्यांतून. अखेरीस दुष्काळ वाडीला उठवतो. त्या क्षणी वाडीच्या भिंतींची निकट-छायाचित्रे घेतली असती तर ती आधीच्या छायाचित्रांशी जुळली असती. उत्तर बरोबर आले असते. वाडी मात्र तेथे नसती. गावाचे गावपण तुकड्यांत नसून तुकड्यांना धरून ठेवणाऱ्या संबंधांत असते, याचा हा पुरावा आहे.

आज संगणकावर जगातील कोणत्याही रस्त्याचे दृश्य दाखवून ठिकाण ओळखावयास लावणारा 'जिओगेसर' हा खेळ २०१३ पासून खेळला जातो. भारतातील रस्त्यांची अशी दृश्ये २०२२ साली दहा शहरांपासून अधिकृतपणे उपलब्ध होऊ लागली आणि त्या दहांत नाशिकचे नाव होते. त्यातील निष्णात खेळाडू खांबाचा आकार, रस्त्यावरच्या पट्ट्या, मातीचा रंग यांवरून क्षणात देश सांगतात. या कौशल्याचा आनंद निर्मळ आहे, आणि खेळात एक प्रामाणिकपणाही आहे : उत्तर लगेच तपासले जाते आणि चूक झाली तर ती केवळ खेळणाऱ्याचीच गुणसंख्या कमी करते. लिलाव, धोरण आणि समीक्षा यांत चुकीची किंमत दुसरा कोणी मोजतो. म्हणून तेथे ओळख पटवणाऱ्यावर एक कर्तव्य येते. ज्याच्याविषयी अनुमान केले त्याला ते खोडून काढण्याची संधी राहील, आणि संपूर्ण उघडले जाईल तेव्हा आपण तेथे हजर असू, याची हमी त्याने द्यावयाची असते. ओळख ठेवणे याचा याहून वेगळा अर्थ करता येत नाही.