दाखला फक्त गरिबाच्या वारसाला

विषमतेचा विषय निघाला की आपण पगार मोजायला बसतो. कंपनीच्या प्रमुखाला किती आणि दारावरच्या वॉचमनला किती. पण पगार महिन्याला येतो नि महिन्याला संपतो. मालमत्ता मालक झोपलेला असतानाही वाढते. 'वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब'च्या २०२४ मधल्या अंदाजानुसार २०२२-२३ साली वरच्या एक टक्का भारतीयांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता, संपत्तीचा मात्र ४०.१ टक्के. संपत्तीतली ही जादा भर येते कुठून, हे मुंबईच्या लालबाग-परळमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून आजारी पडत गेल्या. त्यांच्याखालची सुमारे सहाशे एकर जमीन मात्र ठणठणीत होती. तिचा भाव मालकांनी वाढवला नव्हता. तो वाढवला रेल्वेने, रस्त्यांनी, पालिकेच्या पाण्याने आणि कोकणातून, घाटावरून येऊन दहा बाय बाराच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपलेल्या माणसांनी.

हे सरकारलाही निदान अंधुकसं कळलं असावं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली. आता वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. जिच्यावर बांधकाम उभं आहे ती हिशेबाबाहेर. गिरणी म्हणजे तर बहुतेक बांधकामच! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या अर्थाला हरकत घेतली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये दुरुस्ती उचलून धरली. कुणी दरोडा घातला नाही, कुणी जास्त घाम गाळला नाही. नियमातली काही वाक्यं बदलली आणि हजारो कोटींची संपत्ती एका बाजूला सरकली. याला गुणवत्तेचं फळ म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

मग उरले वारस. कामगाराच्या वारसाला घराच्या सोडतीत नाव हवं असेल, तर बापाची नोकरी सिद्ध करणारी जुनी कागदपत्रं शोधा, वारस असल्याचा पुरावा आणा, वर्षानुवर्षं थांबा. शेवटी घर सुचवलं जातं ते बदलापूरच्याही पुढे, वांगणी-शेलूला. उलट मोठ्या इस्टेटीच्या वारसाला सरकार काही विचारत नाही. १९५३ पासून असलेला मृत्यूनंतरचा संपत्ती शुल्काचा कायदा १९८५ मध्ये रद्द झाला; १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. दोन्ही वेळचं कारण एकच: वसुली थोडी, खटाटोप फार. जाळी फाटकी म्हणून मासेमारीच बंद केली. संपत्ती कराच्या जागी आला श्रीमंतांच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार, म्हणजे पुन्हा उत्पन्नावरच.

२०२४ च्या निवडणुकीत वारसा कराचा नुसता उल्लेख झाला आणि केवढा गहजब उडाला. त्या गदारोळात डोंबिवलीत कर्ज काढून वन-बीएचके घेतलेला माणूसही आपलंच घर जाणार म्हणून तावातावाने बोलत होता. करमुक्त मर्यादा दहा कोटींवर ठेवली तर त्याच्या घराच्या उंबऱ्यालाही कर शिवत नाही, हे सांगायला त्याच्याकडे एकही पक्ष गेला नाही.