शब्दाचा धनी कोण?

२००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळेतली मुले पहिलीपासून इंग्रजी शिकतात. ‘सन’ म्हणजे मुलगाही आणि सूर्यही, हे त्यांना लवकरच कळते. आपल्या पंचांगातला सन तर तिसराच. शाळेत ही स्पेलिंगची कटकट ठरते, पण तिच्यामागे एक जुना धार्मिक वाद आहे. जैमिनींच्या मीमांसेने शब्द आणि अर्थ यांचे नाते नित्य मानले, आणि वेदांचे अपौरुषेयत्व त्याच पायावर उभे केले. नैयायिकांच्या मते हे नाते संकेताने जुळते. एकाच ध्वनीला दोन अर्थ असतील, तर नाते ध्वनीच्या अंगचे कसे मानायचे?

मीमांसक म्हणतील, हे मुळात दोन शब्द आहेत. ध्वनी त्यांना केवळ प्रकट करतो. उत्तर चतुर आहे. पण त्यांतला कोणता प्रकट झाला, हे ऐकणाऱ्याने कशावरून ओळखायचे? शास्त्रकारांचेच उदाहरण घ्या: जेवताना ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. प्रसंग आधी, शब्दाची ओळख मागून. स्पेलिंग वेगळे असते ना, हा आक्षेप तर त्याहून लंगडा. इंग्रज मूल अक्षरओळखीआधीच दोन्ही ‘सन’ बिनचूक वापरते. रात्रीचा ‘नाइट’ आणि सरदाराचा ‘नाइट’ पाहा. दुसऱ्याच्या आरंभीचा ‘क’ पूर्वी उच्चारला जाई. तो गळाला, उच्चार एक झाले. अर्थांची मात्र सरमिसळ झाली नाही.

मग संकेत म्हणजे कुणाचीही मर्जी का? तसेही नाही. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. खान तिथेच पडला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाला फतेहखेर्डा हे नाव दिले. सत्ता होती, हुकूम होता, तरी सिंदखेड राजा तालुक्यातले ते गाव आजही साखरखेर्डाच आहे. घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जातो, शब्द हवा म्हणून वैयाकरणाच्या दारी कोणी जात नाही, असे पतंजलींनी म्हटले होते. निजामाच्या दारीही कोणी गेले नाही.

श्रद्धावंताचा शेवटचा आक्षेप मंत्राचा: तो अर्थ न कळताही जपतात, म्हणजे सामर्थ्य ध्वनीतच असणार. असेलही. पण शुद्ध ध्वनी कोणता, हे शिष्याला गुरुमुखातूनच कळते, आणि वेदांच्या शाखाशाखांत पाठ बदलतो.