न दिलेलं घेणं

बीबीसीची ‘ब्लेक्स सेव्हन’ ही मालिका इंग्लंडात १९७८ ते १९८१ चालली. अमेरिकेत ती १९८६ला दिसू लागली, पण त्याआधीच तिथल्या काही हौशी बायकांनी तिच्यावर अंक काढलेसुद्धा! पाहिली कशी? इंग्लंडातली टेप अमेरिकेतल्या यंत्रावर चालत नसे. म्हणून चालू टीव्हीसमोर कॅमेरा लावून नक्कल, मग नकलेची नक्कल. चेहरे पुसट, आवाज खरखरीत. संपादिका टेप थांबवून थांबवून संवाद तपासायची, अंकात चूक जायला नको ना!

आमच्यात याला अदत्तादान म्हणतात. न दिलेलं घेणं, म्हणजे चोरीच. मीही तेच म्हणाले असते, पण मूडबिद्री आठवली. तिथे धवलेची ताडपत्रं शतकानुशतकं कुलपात होती. अधिकृत नक्कल करता करता गजपती उपाध्याय आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुपचूप आणखी एक उतरवली. तीच बाहेर आली, आणि हिरालाल जैनांनी १९३९पासून धवला छापली. ते खंड मी हात जोडून उघडते.

शास्त्र आणि करमणूक एक नव्हे, हे मलाही कळतं. यांना विचारलं तर म्हणाले, “अगं, ती चोरी कसली? सगळ्यांना वाचता यावं म्हणून केलं त्यांनी.” त्या टेपवाल्या बाईनं तरी दुसरं काय सांगितलं असतं?