उतरवता येणारा वेष

गेल्या एप्रिलमध्ये चार दिवस तोरणमाळला होतो. शहाद्याहून घाट चढून वर आले की सातपुड्याचा गार वारा अंगाला लागतो आणि खालच्या उन्हाचा विसर पडतो. यशवंत तलावापासून जवळच एका पावरा शेतकऱ्याच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. आढ्याला वाळक्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरांचा पट्टा टांगलेला होता. यजमान होळीत बुध्या झाला होता. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाजते भोपळे. हा वेष एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही. पण तो नवसाचा वेष आहे. तो घेणारा त्या दिवसांत अनवाणी राहतो, खाटेवर निजत नाही, ब्रह्मचर्य पाळतो. होळी झाली की नवस फिटतो आणि वेष उतरतो.

मी म्हटले, "एकदा अंगावर चढवा की. फोटो काढतो. म्हणाल ते देईन."

तो हसला. "आता कसा घालू? नवस फिटला."

मी ओशाळलो, आणि ते झाकण्यासाठीच की काय, भाचीने जपानहून पाठवलेली छायाचित्रे त्याला दाखवू लागलो. निइगाता प्रांतात त्सुबामे शहराच्या बुनसुई भागात, चेरी फुलण्याच्या दिवसांत ओइरानची मिरवणूक निघते. ओइरान म्हणजे जुन्या काळची वरच्या मानाची गणिका. केसांत कासवाच्या कवचाचे काटे, अंगावर जरीच्या वस्त्रांचे थरांवर थर, कमरपट्ट्याची भली मोठी गाठ पाठीवर नव्हे, पुढे. पायांत वीतभर उंचीची काळी लाकडी पादत्राणे. सेवकाच्या खांद्यावर हात ठेवून, पाऊल बाहेरून अर्धवर्तुळात फिरवत ती चालते. पुढेमागे लहान मुली, वर मोठी छत्री.

त्याने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ही हे उतरवते कधी?"

"संध्याकाळी," मी म्हणालो. उत्तर खरे होते, पण अर्धे. आज मिरवणुकीत चालणाऱ्या स्त्रिया हौसेने अर्ज करून निवडल्या जातात आणि संध्याकाळी घरी जातात. जिच्या नावाने हा सोहळा चालतो तिची गोष्ट वेगळी होती. एदोतील, म्हणजे आजच्या तोक्योतील, योशिवारा ही वस्ती १६१७ साली परवान्याने वसली आणि १६५७ च्या आगीनंतर शहराबाहेर हलली. भोवती खंदक होता, आत-बाहेर करण्यास एकच मोठा दरवाजा. बहुतेक मुली लहानपणी आईबापांनी उचल घेऊन तिथे ठेवलेल्या. मला सर्वांत बोचते ते पुढचेच: तो भरजरी वेष, त्या सोबतच्या मुलींचा खर्च, सारे तिच्याच नावावर मांडले जाई. ती जितकी नटे तितके तिचे कर्ज वाढे. लोक जिच्या वैभवाकडे डोळे विस्फारून पाहत, ती आपली बेडीच मिरवीत होती. अशा हजारो जणींना जोकान-जी या देवळात मूठमाती मिळाली. वेश्याव्यवसायबंदीचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ मध्ये योशिवाराचे दिवे विझले.

हे सारे कळल्यावर ते सौंदर्य टाकून द्यावे काय? सोवळे मन लगेच 'होय' म्हणते. पण मग आपल्याकडे काय उरेल? नऊवारी, घुंगरू आणि लावणी घेऊन आज कुठल्याही घरची मुलगी स्नेहसंमेलनात नाचते आणि आईबाप कौतुकाने टाळ्या वाजवतात. त्या घुंगरांमागे सुपाऱ्या आणि बैठका आहेत. जेजुरीला खंडोबाशी लग्न लावून दिलेल्या मुरळ्या आहेत. देवाला वाहताना त्यांना कोणी विचारले नव्हते. मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा झाला तो १९३४ साली. त्या मुलीने नाचू नये असे मी म्हणणार नाही. कला ज्यांनी जिवंत ठेवली त्यांना जगाने नाकारले. आता कलाही नाकारली तर त्यांचे दुसऱ्यांदा मरण होईल.

तरीही केवळ रसिकतेने हा प्रश्न सुटत नाही. वेष कोणी शिवला, किती सुंदर शिवला, यापेक्षा तो अंगावरून काढण्याची सत्ता कोणाकडे आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. बुध्याचे नियमही कडक आहेत. अनवाणी तोही आहे, आणि थंडीतही मोजे न घालणारी ओइरानही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही त्याग सारखेच दिसतील. पण एकाने नेम आपण होऊन घेतला आणि त्याचा शेवट त्याला ठाऊक आहे. दुसरीवर तो दुसऱ्याच्या वहीतून आला.

आणि पाहणारा? सगळा दोष आईबापांवर आणि मालकांवर टाकून आपण मोकळे होतो. पण रस्त्याच्या कडेला गर्दी नसती तर मिरवणूक कोणासाठी निघाली असती? त्या सकाळी ओसरीवर "म्हणाल ते देईन" असे मीच म्हणालो होतो. त्यात वाईट हेतू नव्हता. योशिवाराच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या कित्येकांचाही नसेल. माझा यजमान नाही म्हणू शकला, कारण तो कोणाचे देणे लागत नव्हता. त्याच्यावर कर्ज असते तर त्याने टोप चढवला असता, मी सुरेख छायाचित्र काढले असते आणि घरी येऊन चारचौघांना कौतुकाने दाखवले असते.

त्याने फोन परत दिला, भोपळ्यांवरची धूळ हाताने पुसली आणि विचारले, "आणखी चहा घेता का?"