दुसऱ्या गटाचा श्वास

पाठ टेकून बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालेल. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. एक हात पोटावर ठेवा, समोर सेकंदकाट्याचं घड्याळ असू द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका. मिनिटभर नुसता मोजा.

बहुतेकांचे बारा ते वीस भरतील. मोजू लागलं की श्वास जरा बुजतो. बुजू द्या. थांबा, आणि पुन्हा मोजा.

आता मनाने जामखेडला या. पावसाने कायम हात आखडता घेतलेला हा तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले आणि गावांनी निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो सर्वांना ठाऊक असतो. आपण मात्र एका घरात जाऊ. कंदिलाच्या उजेडात खोकणारं बाळ आईच्या मांडीवर आहे. शेजारी बसलेली बाई त्याचं झबलं वर करते आणि छातीकडे बघत राहते. बाळ रडत असेल तर ती थांबते, दूध पीत असेल तरी थांबते, कारण तेव्हाचा आकडा खरा नसतो.

दोन महिने पूर्ण झालेल्या, वर्षाच्या आतल्या खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो न्यूमोनिया समजायचा. एक ते पाच वर्षांच्या मुलाला हीच खूण ४० ची. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेलं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू. जपमाळेशी नातं सांगणारं इतकं नेमकं वैद्यकीय उपकरण मला दुसरं माहीत नाही.

जामखेडच्या त्या बाईच्या नजरेने तुमच्या पोटावरच्या हाताकडे बघा. हात वर येतो, खाली जातो. काही सुधारायचं नाही, फक्त बघायचं.

मग प्रश्न येतो: अशा बघण्याने खरंच जीव वाचतात का? हे श्रद्धेने ठरत नाही, तुलनेने ठरतं. जामखेडच्या कामाची तशी तुलना २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आली. प्रकल्पाची गावं एकीकडे, प्रकल्प न पोहोचलेली आसपासची गावं दुसरीकडे. प्रकल्पाच्या गावांत पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाले. हा आकडा उच्चारताना आपलं मन लगेच पहिल्या गावांकडे धावतं. आज जरा दुसऱ्या गावांत थांबू. तिथल्या आयांनीही प्रश्नांची उत्तरं दिली, गेलेल्या मुलांविषयी सांगितलं. ते सांगितलं नसतं, तर ‘कमी’ हा शब्द कशाच्या आधाराने लिहिला असता?

हात आता पोटावरून छातीच्या मधल्या हाडावर आणा. बायपासच्या वेळी बहुधा हेच हाड उभं कापतात. हृदय थांबवलेलं असेल, तर रक्ताला प्राणवायू देण्याचं आणि ते फिरवण्याचं काम यंत्राकडे जातं. १९५३ साली फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी अशा यंत्राच्या आधाराने एका अठरा वर्षांच्या मुलीचं हृदय दुरुस्त केलं. पण रुग्णाचा खरा झगडा पुढे असतो. छाती दुखते म्हणून तो वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साठतो आणि फुप्फुसांचा तळ मिटू लागतो. म्हणून नर्स सांगते, उशी छातीशी कवटाळा आणि खोका. म्हणून श्वास आत ओढून वर उचलायच्या, प्लॅस्टिकच्या यंत्रातल्या त्या तीन गोळ्या.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांनी विचारलं: श्वासाचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच सुरू केला तर? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बायपासची वाट पाहणारे, फुप्फुसांच्या त्रासाचा धोका जास्त असलेले २७९ रुग्ण होते. कोण कुठल्या गटात, हे निव्वळ योगायोगावर सोडलं. एका गटाने किमान दोन आठवडे, रोज वीस मिनिटं श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाला नेहमीचीच काळजी मिळाली. ऑपरेशननंतर फुप्फुसांचे त्रास पहिल्या गटात १८ टक्क्यांना झाले, दुसऱ्यात ३५ टक्क्यांना.

त्या ३५ टक्क्यांपाशी चार श्वास थांबा. अभ्यासात यायला त्यांनीही होकार दिला होता. त्यांच्यावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही; उत्तर तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अभ्यासाची बातमी होते तेव्हा ते फक्त ‘तुलनेचा गट’ उरतात, हे मला पटत नाही. पहिल्या गटाइतकंच श्रेय त्यांचं आहे.

हात खाली घ्या. घरात कुणाच्या बायपासची तारीख ठरली असेल, तर ऑपरेशनची वाट पाहू नका. पुढच्या भेटीतच डॉक्टरांना विचारा, श्वासाचा व्यायाम आजपासून सुरू करायचा का आणि किती. त्यांना विचारल्याशिवाय मनाने मात्र काही सुरू करू नका.