शपथेतले प्रेम

गेल्या मे महिन्यात माझी नात सुट्टीसाठी आमच्याकडे आली, ती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी बरोबर घेऊन. मुखपृष्ठावर धुके, उभ्या दगडांचे एक वर्तुळ आणि मोकळ्या केसांची एक तरुणी. “आजोबा, ही चेटकिणीची प्रेमकथा आहे. तुम्हाला आवडायची नाही,” असे तिने आधीच बजावून ठेवले. असे बजावलेले पुस्तक हाती न धरण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. दोन दुपारी आणि एक रात्र खर्चून मी ते वाचून काढले.

कादंबरी आयर्लंडच्या पुराणकथांवर उभी केलेली आहे. नायिका चेटकिणींच्या घराण्यातली. तिचे मन एका तरुणावर जडते, पण त्याचे लग्न दुसरीशी ठरलेले असते. एके रात्री ती मंत्र टाकते आणि तो सगळे सोडून तिच्यामागे येतो. पुढची तीनशे पाने तो सुखात आहे आणि तिला मात्र झोप नाही. हा पुरुष माझा आहे, की माझ्या मंत्राचा? तो माझ्याकडे हसून पाहतो तेव्हा नेमके कोण हसते? इथपर्यंत मी खरोखरच गुंतून गेलो होतो. आणि शेवटच्या प्रकरणात कळते काय, तर त्या रात्री मंत्रातला एक शब्द राहून गेला होता; मंत्र लागलाच नव्हता; तो गडी मुळापासूनच तिच्यावर अनुरक्त होता! सगळे आनंदी झाले. मी मात्र फसवल्यासारखा झालो. लेखिकेने एक खरा प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा प्रश्नच परत घेतला.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. वनपर्वात सत्यभामा द्रौपदीला विचारते, पाच-पाच नवरे तुझ्या मुठीत राहतात ते कोणत्या मंत्राने, कोणत्या मुळीने? द्रौपदी तिला फटकारते. बायको मंत्रतंत्र करते असे नवऱ्याला कळले, की घरात साप शिरल्यावर माणूस जसा धास्तावतो तसा तो तिच्याविषयी धास्तावतो, असे ती सांगते. उत्तर व्यवहाराचे आहे आणि चोख आहे. पण ते मंत्र न केलेल्या बाईचे उत्तर आहे. मंत्र होऊन गेला, वर्षे लोटली, मुलेबाळे झाली; मग त्या संसाराला काय म्हणायचे, याबद्दल द्रौपदी बोलत नाही. तिला बोलण्याचे कारणही नव्हते.

म्हणून मी कादंबरी बाजूला ठेवून तिच्या मुळाकडे गेलो. ती ज्या कथेवर उभी आहे ती डिअरमिड आणि ग्रॉन्या यांची. जुन्या हस्तलिखितांतून ती 1857 साली छापली गेली आणि पुढे लेडी ग्रेगरीने 1904 मध्ये आपल्या इंग्रजी पुस्तकात ती पुन्हा सांगितली. ग्रॉन्या चेटकीण नव्हे, टाराच्या राजाची मुलगी. तिला मागणी येते ती फिन या वीराकडून. फिन मोठा, कीर्तिवंत, पण तिच्या बापापेक्षाही वयाने अधिक. बापाने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणते, की तुम्हाला जावई म्हणून तो चालत असेल तर मला नवरा म्हणून का चालू नये? याला होकार म्हणायचे असेल तर म्हणावे. मेजवानीच्या रात्री ती म्हाताऱ्याला प्रत्यक्ष पाहते. मग पेल्यात गुंगीचे औषध घालून फिनला आणि बहुतेकांना झोपवते, आणि जागे राहिलेल्यांत फिनच्या मुलाला विचारते. तो नाही म्हणतो. ती डिअरमिडला विचारते. तोही नाही म्हणतो, कारण फिन त्याचा धनी आहे. तेव्हा ती त्याच्यावर ‘गेश’ घालते.

या आयरिश शब्दाचे इंग्रजीत जादूटोणा असे भाषांतर झालेले मी पाहिले आहे, आणि त्या कादंबरीची सारी गफलत तिथूनच सुरू होते. गेश म्हणजे वशीकरण नव्हे. ती डिअरमिडच्या मनाला बोटही लावत नाही. त्याला ग्रॉन्या आधी नको होती, गेशनंतरही नको आहे. फरक एवढाच, की आता मागे फिरला तर त्याची अब्रू जाईल आणि नाश ओढवेल. तो मित्रांना एकेक करून विचारतो. सगळे सांगतात, जा. एकजण तर म्हणतो, यात तुझे मरण आहे, तरी जा. तो रडतो, निरोप घेतो आणि जातो. याला मराठीत शब्द आहे आणि तो आपल्या प्रत्येक घरात वापरलेला आहे. आपण त्याला ‘शपथ घालणे’ म्हणतो. ‘तुला माझ्या गळ्याची शपथ’, ‘गेलास तर माझे मेलेले तोंड पाहशील’. असे म्हणणाऱ्या आपल्या आया काही चेटकिणी नव्हत्या.

मंत्र आणि शपथ यांतला हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. मंत्राखाली माणूस उरतच नाही, म्हणून त्याच्याकडे हिशेबही मागता येत नाही. हिशेब चुकवण्यासाठीच तर कितीदा मंत्राला बोलावले जाते! महाभारतातला दुष्यंत सर्व आठवत असून शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप मध्ये घातला आणि राजाला मोकळे केले. आयर्लंडातही असे एक पेय आहे. कूखुलिन हा वीर फँड नावाच्या परलोकीच्या स्त्रीवर भाळतो. त्याची बायको एमर पन्नास मुलींना हाती सुऱ्या देऊन त्यांच्या भेटीवर चालून येते. पण प्रत्यक्ष समोर आल्यावर दोघी बायका एकमेकींसाठी त्याला सोडायला निघतात. तो प्रसंग मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थक्क होतो. आणि मग कथाकाराला हे पेलवत नाही. फँडचा नवरा तिला घेऊन जातो, कूखुलिन वेडा होऊन डोंगरात भटकतो, आणि पुरोहित त्याला विस्मृतीचे पेय पाजतात. एमरलाही पाजतात, म्हणजे तिचा मत्सर जाईल. दोघे सुखाने नांदू लागतात. इतके मोठेपण दाखवलेल्या बाईला ते आठवूही दिले नाही!

‘जादू झाली’ या शब्दांची दुसरी टोकाची किंमतही त्याच देशात मोजली गेली आहे. 1895 च्या मार्चमध्ये टिपररी परगण्यातल्या बॅलीवाडली गावी ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण स्त्री आजारी पडली. शिवणकाम करून स्वतः कमावणारी, नीटनेटकी. तिच्या नवऱ्याने ठरवले, की ही माझी बायको नव्हेच. खरीला पऱ्यांनी पळवून नेले आणि ही बदली ठेवली. तू ब्रिजेटच आहेस ना, असे त्याने तिला देवाच्या नावाने पुन्हा पुन्हा विचारले. तिने सांगितले तरी त्याला पटेना. शेवटी त्याने तिला जाळले. त्यानंतर तो रात्री गढीजवळ जाऊन बसला, पांढऱ्या घोड्यावरून खरी ब्रिजेट येईल तिला सोडवायला. न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल वीस वर्षांची सक्तमजुरी दिली. आपल्याकडे डाकीण ठरवून बाया मारल्या गेल्या आहेत. महाराष्ट्राला 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा चेटकिणींच्या प्रेमकथा वाचू नयेत असे मी म्हणणार नाही. नातीच्या हातून पुस्तक काढून घेणारा आजोबा मला व्हायचे नाही. परंतु जादूने झाले असे कुणी म्हणाले, की त्या शब्दाआड कोण उभे आहे हे पाहावे, इतके मला वाटते.

डिअरमिडला ती आड नाही. फिन पाठलागावर असताना तो जिथे जिथे मुक्काम करतो तिथे काही कथनांत न मोडलेली भाकरी, काहींत न शिजवलेले मासे मागे ठेवतो. खूण अशी, की मी तिला हात लावलेला नाही. एके दिवशी ओढा ओलांडताना पाणी ग्रॉन्याच्या अंगावर उडते आणि ती त्याला चिडवते, की हे पाणी तुझ्यापेक्षा धीट आहे. त्यानंतर कधीतरी मागे राहिलेली भाकरी मोडलेली असते. गेशने त्याला फक्त दाराबाहेर काढले होते. भाकरी मोड, असे ती म्हणालेली नव्हती. त्यांना पुढे चार मुलगे आणि एक मुलगी होते. शेवटी बेन बल्बेनच्या डोंगरावर रानडुकराने फाडलेला डिअरमिड फिनच्या पायाशी पडतो. फिनच्या ओंजळीतल्या पाण्यात प्राण वाचवण्याचे सामर्थ्य असते. दोनदा तो ते बोटांतून गळू देतो; तिसऱ्यांदा आणतो तेव्हा उशीर झालेला असतो. फिनवर कोणाचीही गेश नव्हती.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगतो. 1969 साली माझ्या आईने मला शपथ घातली. मुलगी तिने पाहून ठेवली होती. माझ्या मनात दुसरी कोणी होती असेही नाही. मला फक्त ‘इतक्यात नको’ म्हणायचे होते. ‘माझे मेलेले तोंड पाहशील’ म्हणाली, आणि मी मुंडावळ्या बांधल्या. 1984 साली आई गेली. तेरावे झाले, पाहुणे पांगले, आणि चादरींच्या घड्या घालताना पत्नीने विचारले, “अहो, आईंनी शपथ घातली नसती तर तुम्ही हो म्हटलं असतंत का?” मी म्हणालो, “आता कशाला ते?” तिने पुन्हा कधी विचारले नाही.

डिअरमिड वाचल्यावर मला वाटले, उत्तर सापडले. ती मेथी निवडत बसली होती. मी तिला सारी गोष्ट सांगितली, भाकरीपाशी जरा थांबून सांगितली. शपथ आईची, पण भाकरी मी माझ्या हाताने मोडली, असे काहीसे म्हणालो. म्हणताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “आणि त्या मुलीचं काय? तिला तरी त्या म्हाताऱ्याबद्दल कोणी नीट विचारलं होतं?” मी म्हणालो, तसे पाहिले तर नाही. शिवाय लोककथांत डिअरमिडच्या कपाळावर एक तीळ असतो. तो जी पाहील ती त्याच्यावर भाळते. म्हणजे ग्रॉन्याही बांधलेलीच. 

“हं,” ती म्हणाली. “तुम्हाला निदान शपथ तरी घातली. म्हणजे तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती कोणाला तरी. मला आमच्या नानांनी पत्रिका जुळली एवढं सांगितलं.”

चाळीस वर्षांहून अधिक काळ मी तिचा प्रश्न माझ्याबद्दलचा समजत आलो होतो. चादरीच्या घड्या घालताना ती बहुधा वाट पाहत होती, की हा उलटून मलाही विचारील. मी त्या दुपारी विचारले. काय उत्तर मिळाले ते दिवाळी अंकात लिहिण्याची मला तिने परवानगी दिलेली नाही.

नात पुस्तक घेऊन परत गेली. त्याचा दुसरा भाग निघाला आहे म्हणे. दिवाळीला येताना आणायला सांगितला आहे. या खेपेस दोघांना वाचायचा आहे.